तुम्ही विचारलंत म्हणून: ‘झिगी’ अजून शिळा का होत नाही?

‘ते रंगवलेले केस, ते चमचमते कपडे सगळं जुनं झालं, मग ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीचा १९७२चा अल्बम ‘झिगी स्टारडस्ट’ आजही का ऐकायचा?’ असं बरेच जण विचारतात. कपडे सोडा हो. या अल्बमची खरी ताकद वाद्यमेळात आहे.

लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत बोवी आणि सहनिर्माता केन स्कॉट यांनी ड्रम्स जवळजवळ कोरडे ठेवले. त्यांना मोठ्या हॉलचा घुमारा दिला नाही. ध्वनिमुद्रणाचं वय पटकन उघडं पडतं ते अशा घुमाऱ्यामुळेच. यातलं ‘मूनेज डेड्रीम’ हे गाणं हेडफोनवर ऐका. बोवीचा गिटारवादक मिक रॉन्सनच्या इलेक्ट्रिक गिटारखाली बोवीची बारा तारांची अकूस्टिक (विजेविना वाजणारी) गिटार सतत वाजत असते; कॉर्डला, म्हणजे एकत्र छेडलेल्या स्वरांना, धार येते ती तिच्यामुळे. मधल्या तुकड्यात गिटारऐवजी बॅरिटोन सॅक्सोफोन आणि बारीक शिट्टीसारखी बासरी, म्हणजे तळ आणि टोक, मधलं सगळं रिकामं. ही हिंमत फार थोड्यांकडे असते. तंतुवाद्यांची मांडणीही रॉन्सनचीच.

गिटारवाले हमखास चुकतात ते इथेच. रॉन्सनचा तो नाकातला आवाज मिळवायला ते डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचा फाटलेपणा, वाढवत जातात आणि कॉर्डचा चिखल होतो. खरी युक्ती वा-वा पेडलची, म्हणजे गिटारचा स्वर ‘वा-वा’ असा उघडझाप करणाऱ्या पायपट्टीची: पेडल हलवत राहायचं नाही, मध्यावर कुठेतरी अडकवून ठेवायचं. ब्रिजजवळचा (तारा जिथे टेकतात त्या पट्टीजवळचा) पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारा भाग, घ्या, गेन (अँपला जाणाऱ्या आवाजाचा जोर) कमी करा आणि खाली कुणालातरी अकूस्टिक वाजवायला बसवा.

‘स्टारमन’च्या ध्रुवपदात पहिल्या दोन अक्षरांतच एका सप्तकाची उडी आहे. एकदा ऐकलं की ते विसरायला होत नाही, यात नवल नाही.

ऐकताना शफल (गाण्यांचा क्रम उलटसुलट करणं) बंद ठेवा आणि क्रॉसफेडही (एका गाण्याचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीत मिसळणं). पहिल्या ‘फाइव्ह इयर्स’चे ड्रम्स शांततेतून हळूहळू वर येतात, क्रॉसफेड तेच गिळतो. ‘झिगी स्टारडस्ट’ संपताच ‘सफ्रगेट सिटी’ अंगावर येतं, तो सांधाही बिघडतो. पहिलं आणि शेवटचं गाणं दोन्ही दादऱ्यासारखी सहाच्या हिशोबात झुलतात. क्रम मोडला तर हे ध्यानातच येत नाही. ‘इट एन्ट ईझी’ मात्र दुसऱ्याचं गाणं, आधीच्या अल्बमच्या वेळी केलेलं. ते इथे उपरंच वाटतं.

एकूण वेळ चाळीस मिनिटांच्या आत. आवाज मोठा ठेवा, मागच्या कव्हरवर तशी सूचनाच छापलेली आहे.