विरोधाभास मला कुठे उमगला

विरोधाभास अलंकाराची व्याख्या मला शाळेपासून तोंडपाठ होती: वरवर पाहता विरोध दिसतो, पण वास्तविक तसा विरोध नसतो. गुणही मिळाले. तो कळलेला नाही, हे कविता लिहायला लागल्यावर लक्षात आलं. एका कवितेत मी 'थंड आग' लिहिलं होतं आणि त्यावर खूश होते. मैत्रिणीने त्या दोन शब्दांखाली रेघ मारून विचारलं, "आग थंड का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग तुकारामांच्या एका ओळीपाशी मी बरेच दिवस बसले. 'आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां । तो जाला सोहळा अनुपम्य ॥' कितीदा ऐकलेली ओळ, पण अडले कधीच नव्हते. आता अडले. मेला तो पाहील कसा? आणि पाहणारा उरला, तर मेला कोण? मरण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर देहच येतो, तिथे सगळी गाठ बसते. ती सोडवायची जागा त्याच अभंगात पुढे आहे: 'एकदेशी होतों अहंकारें आथिला । त्याच्या त्यागें जाला सुकाळ हा ॥' गेला तो अहंकार. मीपणाने एका जागी कोंडलेला माणूस मोकळा झाला, आणि ते पाहायला तोच उरला. मरणाचा सोहळा का, तेही उलगडलं. कोडं सुटलं की त्यातली गंमत जाते, ही ओळ मात्र कळल्यावर जास्तच अंगावर येते. विरोधाभास अस्सल आहे की नाही, हे मी तेव्हापासून यावरूनच ओळखते.

शेजारचे अलंकार वेगळे काढायलाही वेळ लागला. कारणाशिवाय कार्य घडलं तर विभावना, कारण असूनही घडलं नाही तर विशेषोक्ती, कारण एकीकडे आणि कार्य भलतीकडे असेल तर असंगती. या सगळ्यांना मी विरोधाभासच म्हणत होते.

'मी आत्ता बोलतोय ते खोटं आहे' या तर्कशास्त्रातल्या वाक्यानेही गोंधळ वाढवला. ते खरं मानलं तर खोटं ठरतं, खोटं मानलं तर खरं. इंग्रजीत त्यालाही पॅरॉडॉक्स म्हणतात आणि तुकारामांच्या ओळीलाही. आपल्या नावात 'आभास' आहे, म्हणून मला ते कवितेसाठी अधिक नेमकं वाटतं. क्लिअन्थ ब्रुक्स या अमेरिकन समीक्षकाने 1947 च्या 'द वेल रॉट अर्न'मध्ये विरोधाभास हीच कवितेची भाषा असल्याचं मांडलं. मला ते पटत नाही. सरळ सांगितलेली कविताही तितकीच आत जाते.

शेवटी मी 'थंड आग' खोडली. त्या कवितेत अबोला धरलेली दोन माणसं होती. आधीच्या ओळीत दार आपटल्याचा आवाज आणला आणि खाली लिहिलं: 'बोलणं थांबलं, तेव्हापासून भांडण थांबलेलं नाही.' मैत्रिणीने ओळ दोनदा वाचली. या वेळी तिने रेघ मारली नाही.