नवीन बेअरिंग टाकलं तरी मागचं चाक घूं घूं करतंय? हबच्या आत बघा

आमच्या जुन्या ट्रकच्या मागच्या डाव्या चाकाने दोनदा बेअरिंग खाल्लं. दोन्ही वेळा नवीन बेअरिंग, नवीन ऑइल सील सगळं टाकलं आणि दोन्ही वेळा काही महिन्यांत तोच आवाज परत. तिसऱ्यांदा मी ठरवलं की आता बेअरिंग नाही, बेअरिंग जिथे बसतं ती जागा तपासायची, आणि दुखणं तिथेच निघालं.

आधी आवाजाचं सांगतो कारण मागून येणारा प्रत्येक आवाज काही हबचा (चाकाच्या मधल्या, बेअरिंगवर फिरणाऱ्या भागाचा) नसतो. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की आवाज बदलत असेल तर संशय क्राउन-पिनियनवर, म्हणजे एक्सलच्या मधल्या डिफरन्शियलमधल्या गिअरवर, घ्यायचा. स्पीडबरोबर वाढतो, पाय काढला तरी तसाच राहतो आणि वळणावर चढतो-उतरतो, तर चाकाचं बेअरिंग बघायचं. आमचा उजव्या वळणावर चढायचा, म्हणजे वजन डाव्या चाकावर आलं की. शिवाय टायरच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ होते आणि गाडी थांबवल्यावर डावा हब उजव्यापेक्षा जास्त तापलेला असायचा (ब्रेक घासत असला तरी हब तापतो, त्यामुळे नुसत्या गरमपणावर निकाल देऊ नका).

मग पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओट लावली, हँडब्रेक सोडला, एक्सल जॅकने उचलून स्टँडवर ठेवला. नुसत्या जॅकवर हात घालायचा नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो. टायरखाली पहार घालून चाक वर उचकलं तर हाताला स्पष्ट कटकट लागली, खेळ डोळ्यांना दिसत होता.

आमचा एक्सल फुल फ्लोटिंग, म्हणजे शाफ्ट फक्त चाक फिरवतो, गाडीचं वजन स्पिंडलवरच्या (एक्सलच्या टोकाच्या न फिरणाऱ्या नळीवरच्या) दोन टेपर रोलर बेअरिंगवर असतं. त्यामुळे फ्लँजचे नट काढून शाफ्ट बाहेर ओढला, लॉक नट, वॉशर, ॲडजस्टिंग नट काढले आणि हब ड्रमसकट खाली घेतला. वजनदार प्रकार आहे, एकट्याने करू नका.

आतल्या बेअरिंगची वाटी (रोलर ज्यात फिरतात ते बाहेरचं कडं) हबमध्ये घट्ट बसलेली असायला हवी, ठोकून किंवा प्रेसनेच निघायला हवी. माझ्या हातात ती अंगठ्याच्या दाबाने आली! ज्या भोकात ती बसते ते आतून आरशासारखं चकचकीत झालेलं, गोल गोल ओरखडे, आणि कडेच्या तेलात तांबूस-तपकिरी पीठ, बोटावर घासलं की कचकच लागणारं. वाटी हबमध्ये फिरत होती, फिरून फिरून भोक मोठं करत होती, आणि त्यात आम्ही दोनदा नवीन बेअरिंग घातलं होतं. बोअर गेजने तीन-चार ठिकाणी मापलं तर भोक गोलही राहिलेलं नव्हतं.

अशा वेळी भोकात पंचने टोचे मारून वाटी घट्ट करायची पद्धत सगळीकडे चालते. माझं स्पष्ट मत, करू नका. वाटी फक्त त्या टोच्यांच्या टोकांवर टेकते, लोडखाली टोके दबतात आणि वाटी परत मोकळी. चांगल्या लेथवर भोकात स्लीव्ह (नळीसारखं अस्तर) बसवून घ्यायचा किंवा हब बदलायचा. आमच्या हबची स्टडची भोकंही लांबट झाली होती म्हणून हबच बदलला. स्पिंडल मात्र शाबूत होता, नख फिरवून बघितलं, कुठे खाच लागली नाही.

वाटी बसवताना ती थंड आणि हब कोमट केला की काम सोपं होतं. मऊ ड्रिफ्टने चारी बाजूंनी थोडं थोडं ठोकायचं, पूर्ण टेकली की हातोड्याचा आवाजच बदलतो, पोकळ ठणठण जाऊन भरीव ठक येतो. वाटी आणि तिच्यात बसणारं रोलरचं बेअरिंग दोन्ही नवीन जोडीनेच टाकायचं, जुन्या वाटीत नवीन रोलर नको.

नट आवळणं हा सगळ्यात नाजूक भाग. हब फिरवत फिरवत आधी नट चांगला आवळून रोलर जागेवर बसवायचे, मग ढिला करून हलका आवळायचा, मग गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच मागे घ्यायचा. लॉक नट लावल्यावर डायल गेजवर खेळ 1 ते 5 थाऊ (इंचाचा हजारावा भाग) यायला हवा, म्हणजे साधारण 0.025 ते 0.127 मिमी. अजिबात खेळ न ठेवता आवळलं तर बेअरिंग जळतं, जास्त ठेवला तर सील मरतं.

तेल पिलेले ब्रेक लायनर धुऊन वापरले नाहीत, दोन्ही बाजूंचे बदलले. एक्सलचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायचं तोंड) मातीने गच्च बुजलेला होता, तोही साफ केला, कारण तो बंद असला की आत प्रेशर होऊन तेल सीलमधून ढकललं जातं. आणि हबला तेल डिफरन्शियलमधूनच येतं, पण नवीन हब कोरडा असतो! बेअरिंगला तेल चोपडूनच बसवली होती, तरी एकेक बाजू उचलून तेल हबपर्यंत वाहू दिलं, मग डिफरन्शियलची पातळी परत भरली.

थोडं अंतर चालवून चाकाचे नट परत आवळले, दोन्ही हबना हात लावला, सारखेच कोमट. आवाज गेला. आता उजवा हब उघडायचाय, तिथे अजून आवाज नाही पण त्याचंही वय तेवढंच आहे.