सहा आठवड्यांचं बाळ आणि पन्नास मतं

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नाशिकची मावशी विचारते, पुण्याची नणंद विचारते, सुट्टीत गेले की शेजारच्या काकू विचारतात. प्रश्न एकच : "अमेरिका एवढा श्रीमंत देश, तिथला राष्ट्राध्यक्ष म्हणजे जगातला सगळ्यात ताकदवान माणूस, आणि बाळंतिणीला पगारी रजा नाही? त्यानं मनावर घेतलं तर एका दिवसात होईल की!" फोनवर मी "नाही हो, तसं नसतं" एवढंच म्हणते आणि बोलणं दुसरीकडे वळतं. आज नीट सांगते.

मी टेक्सस राज्यात डॅलसजवळ प्लेनोला राहते आणि एका पाळणाघरात तान्ह्या बाळांच्या खोलीत काम करते. आमच्याकडे सहा आठवड्यांचं बाळ घेतात. टेक्ससच्या नियमानं वर्षाच्या आतल्या चार बाळांमागे एक बाई लागते, म्हणजे सहा आठवड्यांचं एक, तीन महिन्यांची दोन आणि रांगायला लागलेलं एक, अशी चौघं एका वेळी माझ्याकडे असू शकतात. सहा आठवड्यांच्या बाळानं अजून मान धरलेली नसते. सकाळी पावणेसातला त्याची आई येते. सिझेरियन झालेलं असेल तर गाडीतली पाळण्याची सीट तिला उचलवत नाही, ती दार खांद्यानं ढकलून धरते आणि मी सीट आत घेते. मग पिशवीतून बाटल्या निघतात. प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी : नाव, तारीख, किती औंस. रात्री दोन वाजता उठून काढलेलं दूध असतं ते. ते फ्रीजमध्ये लावताना माझा हात आजही जरा थांबतो.

माझ्या धाकटीच्या वेळी माझी आई पुण्याहून आली होती. अळीव, डिंक, खारकांची पूड घेऊन आली आणि सहा महिने राहिली. आपल्या बहुतेक घरांत असंच होतं. दोन्हीकडच्या आया पाळीपाळीनं येतात आणि रजेची उणीव झाकली जाते. म्हणून आपल्या लोकांना ती नीटशी दिसतही नाही. ज्यांची आई स्वतःच साठीत नोकरी करतेय, त्यांनी काय करायचं?

भारतात २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. धुणंभांडी करणाऱ्या बाईच्या पदरात तीही पडत नाही, हे मला माहीत आहे. पण निदान कायदा आहे. इथे देशाचा म्हणून जो कायदा आहे तो १९९३ चा. १२ आठवडे रजा, तीही बिनपगारी, आणि फक्त पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी वर्षभर काम झालं असेल तर. एवढ्याशा कायद्यावरही थोरल्या बुश यांनी दोनदा नकाराधिकार वापरला होता. क्लिंटन आले आणि त्यांनी पहिल्याच महिन्यात त्यावर सही केली. त्याच्याही आधी, १९७१ मध्ये, देशभर पाळणाघरांना सरकारी पैसा देणारं विधेयक इथल्या संसदेच्या दोन्ही सभागृहांतून, सिनेट आणि प्रतिनिधिगृहातून, मंजूर होऊन निक्सन यांच्या टेबलावर गेलं होतं. त्यांनी ते फेटाळलं. म्हणजे कधी सभागृहं तयार आणि राष्ट्राध्यक्ष नाही, तर कधी राष्ट्राध्यक्ष तयार आणि सभागृह नाही.

बायडेन यांच्या वेळी हा दुसरा प्रकार झाला आणि तो मी दिवसादिवसानं पाहिला. २८ एप्रिल २०२१ ला त्यांनी दोन्ही सभागृहांपुढे उभं राहून योजना मांडली : टप्प्याटप्प्यानं १२ आठवड्यांची पगारी रजा, तीन-चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत बालवाडी, पाळणाघराच्या खर्चाला मदत. ते भाषण मी ओट्याशी उभी राहून ऐकलं. माझ्या कामाबद्दल, माझ्या खोलीबद्दल एक राष्ट्राध्यक्ष बोलत होता. मला खरंच वाटलं, आता होणार.

आता अडचण सांगते. सिनेटमध्ये १०० माणसं. प्रत्येक राज्याची दोन, मग ते चार कोटींचं कॅलिफोर्निया असो की सहा लाखांच्या आतबाहेरचं वायोमिंग. बायडेन यांच्या बाजूला बरोबर ५० होते आणि बरोबरी झाली तर उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांचं मत. पण साध्या विधेयकावरची चर्चा थांबवून मतदान घ्यायलाच ६० मतं लागतात. विरोधक चर्चा थांबूच देत नाहीत, यालाच फिलिबस्टर म्हणतात. ६० मिळणार नव्हती, हे पहिल्या दिवसापासून उघड होतं.

एक चोरवाट आहे. १९७४ च्या कायद्यानं अर्थसंकल्पाशी संबंधित विधेयक साध्या बहुमतानं काढता येतं. त्याला रिकन्सिलिएशन म्हणतात. पण त्या वाटेवरही पहारा आहे : सरकारच्या जमाखर्चाशी थेट संबंध नसलेली गोष्ट त्यात घालता येत नाही, आणि काय चालेल ते आधी सिनेटच्या नियमतज्ज्ञ, पार्लमेंटेरियन, ठरवतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये किमान वेतन तासाला १५ डॉलर करण्याचं कलम त्यांनी असंच बाहेर काढलं. ते वेतन २००९ पासून सव्वासात डॉलर आहे, टेक्ससमध्ये अजूनही तेवढंच. पहाऱ्याच्या या नियमाला बर्ड रूल म्हणतात, वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या नावावरून. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या जागी २०१० मध्ये निवडून आले जो मँचिन. पुढची सगळी गोष्ट या मँचिन यांच्यापाशी येऊन अडते.

इथे आपल्याकडच्या माणसाला एक गोष्ट पटत नाही. मावशी म्हणते, "बायडेनच्याच पक्षाचा ना तो मँचिन? मग व्हिप काढायचा!" आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. व्हिप मोडला तर आमदारकी-खासदारकी जाऊ शकते, आणि 'अपात्रता' हा शब्द तर गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात घरोघरी पोचला. इथे तसं काही नाही. सिनेटर पक्षाविरुद्ध मत देऊन आपल्या खुर्चीत निवांत बसतो. राष्ट्राध्यक्ष त्याला काढू शकत नाही. बोलावतो, समजावतो, पुन्हा बोलावतो. ५०-५० च्या सभागृहात म्हणून प्रत्येकाच्या हातात कुलपाची किल्ली असते. ॲरिझोनाच्या सिनेटर कर्स्टन सिनेमा यांनी करांचे दर वाढवायला नकार दिला. मँचिन यांनी एकूण आकड्यालाच. याच चोरवाटेनं न्यायचा बायडेन यांच्या योजनेचा साडेतीन लाख कोटी डॉलरचा आराखडा ऑक्टोबरात पावणेदोन लाख कोटींवर आला आणि २८ ऑक्टोबरला जाहीर झालेल्या त्या यादीत पगारी रजा नव्हतीच. पुढच्याच आठवड्यात प्रतिनिधिगृहाच्या सभापती पेलोसी यांनी ती परत घातली. १२ चे झाले ४ आठवडे. चार तर चार. सहा आठवड्यांचं बाळ दहा आठवड्यांचं होऊन आमच्या दारात आलं असतं. फरक काय पडतो म्हणाल, तर दहा आठवड्यांचं बाळ माणूस ओळखून हसतं.

१९ नोव्हेंबरला प्रतिनिधिगृहात २२० विरुद्ध २१३ मतांनी विधेयक पास झालं. बरोबर महिन्यानं, १९ डिसेंबरच्या रविवारी, मँचिन यांनी टीव्हीवर सांगितलं की आपण मत देऊ शकत नाही. संपलं. ५० मधून एक गेला की ४९.

त्यांच्यावर माझा राग होता आणि आहे. पण त्यांची बाजूही सांगायला हवी. त्यांच्या राज्यात २०२० ला ट्रम्प जवळजवळ ३९ टक्क्यांच्या फरकानं जिंकले होते. तिथे सगळ्या राज्याच्या मतांवर निवडून येऊन डेमोक्रॅट म्हणून टिकलेला तो एकटा माणूस होता. त्या नोव्हेंबरात महागाईचा दर ६.८ टक्के होता, चाळीस वर्षांतला जवळपास सर्वांत जास्त. दूध, मांस, पेट्रोल, सगळं आम्हालाही जाणवत होतं. एवढा पैसा आणखी ओतला तर महागाई वाढेल, ही त्यांची भीती हवेतली नव्हती. तरी माझं म्हणणं असं की रजा हा ओतलेला पैसा नव्हे. बाळ जन्मणारच असतं. त्या आठवड्यांची किंमत कुणीतरी मोजतंच, आज ती आई मोजते.

त्या विधेयकाबरोबर आणखी एक गोष्ट बुडाली, आणि ती मला जास्त लागली. मार्च २०२१ च्या कायद्यानं मुलांमागची करसवलत वाढवून तिचा अर्धा भाग दरमहा थेट खात्यात येऊ लागला होता : सहा वर्षांखालच्या मुलाला ३००, मोठ्याला २५० डॉलर. मुख्य म्हणजे ज्यांची कमाई फार थोडी, त्यांनाही पूर्ण. माझ्या धाकटीचे ३०० आम्हालाही आले. थोरली पुण्यात जन्मलेली, तिचा इथला सोशल सिक्युरिटी नंबर नाही, म्हणून ती त्या हिशेबात नव्हतीच. माझ्या खोलीतल्या सोबतिणीला दोन मुलांचे मिळून ५५० यायचे. १५ तारखेला दुपारी, बाळं झोपलेली असताना, ती फोन उघडून बघायची आणि मला हळूच अंगठा दाखवायची. ऑगस्टमध्ये तिनं पोराला शाळेचे बूट घेतले, नवेकोरे. सप्टेंबरात गाडीचं टायर. सहा महिने चाललं हे. ही मदत एका वर्षापुरती होती, पुढचं एक वर्ष त्या बुडालेल्या विधेयकात होतं. जानेवारीच्या मध्यात तिनं फोन दोनदा उघडून पाहिला. मला माहीत होतं येणार नाही ते, तिला सांगायला माझी जीभ उचलली नाही.

जनगणना विभागाच्या, सरकारी मदतही हिशेबात धरणाऱ्या पूरक मापानं २०२१ मध्ये मुलांमधली गरिबी ५.२ टक्के होती. २०२२ मध्ये ती १२.४ टक्के झाली. हे दोन आकडे मला पाठ आहेत.

ऑगस्ट २०२२ मध्ये मँचिन यांच्याशी तडजोड होऊन एक कायदा झालाच. सिनेटमध्ये ५०-५०, वर हॅरिस यांचं मत. त्यात हवामान होतं, औषधांच्या किमती होत्या, मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यावरच्या वृद्धांना इन्सुलिन महिना ३५ डॉलरला झालं. मोठं काम होतं ते, मी कमी लेखत नाही. पण रजा, बालवाडी, पाळणाघर, तिन्ही गेली होती. २०२५ मध्ये ट्रम्प यांनी आपला मोठा कायदा याच वाटेनं काढला, तोही सिनेटमध्ये बरोबरीनंतर उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांच्या मतावर. मुलांमागची सवलत २,००० ची २,२०० झाली, पण दरमहा खात्यात येणं नाही, आणि अगदी थोड्या कमाईच्या घराला पूर्ण रक्कम नाहीच.

नणंदेचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "पण एडिसनच्या आमच्या भाचीला तर मिळाली रजा!" मिळाली, कारण एडिसन न्यू जर्सीत येतं आणि त्या राज्याचा स्वतःचा कायदा आहे, २००९ पासून. कॅलिफोर्नियाचा त्याआधी, २००४ पासून. कोलोरॅडोत २०२४ ला सुरू झाली. राजधानी वॉशिंग्टनमध्ये अडलं ते एकेक राज्य आपापलं करतंय. केंद्र सरकारच्या बहुतेक नोकरदारांनाही ऑक्टोबर २०२० पासून १२ आठवडे मिळतात. तेही २०१९ च्या संरक्षणखर्चाच्या विधेयकात घालून झालं, कारण ते विधेयक अडवणं कुणालाच परवडत नाही. टेक्ससमध्ये खासगी नोकरीतल्या बाईसाठी असं काही नाही. मला इथे मतदानाचा हक्क नाही. आमच्याकडे बाळ सोडून जाणाऱ्या बहुतेक आयांना आहे, आणि निवडणुकीच्या सुमारास त्या विचारतात तेव्हा मी त्यांना सिनेटबद्दल सांगते, राष्ट्राध्यक्षाबद्दल नंतर.

सोमवारी एक नवीन बाळ आलं, सहा आठवडे तीन दिवसांचं. त्याच्या आईनं साडेअकराला फोन करून विचारलं, किती प्यायला. साडेतीन औंस, मी सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं, रडला का. रडला होता. थोडा, असं मी म्हणाले.