बारा अंशांचा मासा

सोलापुरात ट्राउटचा बेत रात्रीच शिजतो. दिवसभर पारा ४२च्या वर, सिद्धेश्वर तलावाकडून येणाऱ्या वाऱ्यालाही धग, आणि गच्चीवर चटई टाकून बसलेले चौघे हिमाचलातल्या नदीबद्दल बोलतायत. बोलणं बहुधा गळापासून किंवा तंबूपासून सुरू होतं. ते थर्मामीटरपासून सुरू व्हायला हवं, कारण ज्या माशासाठी हा सगळा खटाटोप, तो आपल्या माठातल्या पाण्यातही धड राहणार नाही.

ट्राउटला १० ते १६ अंशांचं पाणी मानवतं. २०च्या पुढे त्याची भूक मरते, २५च्या आसपास जिवावर बेततं. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो: समुद्रसपाटीला १० अंशांच्या लिटरभर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. उजनीतली चिलापी त्या साडेसातात संसार थाटते, ट्राउटला ते परवडत नाही. तो मूळचा इथला नाहीच. युरोपातून अंडी आणून आधी काश्मिरात, आणि तिथून १९०९ साली कुलूतल्या महिली गावच्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायच्या केंद्रात, तपकिरी ट्राउट आला. हिमालयात ‘स्नो ट्राउट’ म्हणून जो मासा मिळतो, तो ट्राउट नव्हे. तो आपल्या रोहू-मृगळाच्या कुळातला. नावावर जाऊ नये.

तारीखही पाणीच ठरवतं, आणि इथे सोलापूरकराचं गणित हटकून चुकतं, कारण आपण आधी सुट्टी बघतो. मे महिन्यात वरचा बर्फ वितळत असतो. नदी फुगलेली आणि दुधाळ, फिरकी, म्हणजे गळाला लावलेलं फिरतं पातं, माशाच्या तोंडासमोरून गेली तरी त्याला दिसत नाही. जुलै-ऑगस्टात गढूळ लोंढे आणि दरडी. दिवाळी नोव्हेंबरात आली की सुट्टी आहे, पण नदी बंद. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदी असते, कारण त्याच थंडीत तो तळाच्या बारीक खडीत अंडी घालतो आणि पाण्यात उतरलेला बूट ती नकळत चिरडतो. जानेवारीतल्या गड्डा यात्रेचे दिवस तर बंदीच्या पोटातच. उरतो मार्चमध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतचा काळ, आणि पावसानंतर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. त्यातला ऑक्टोबर सरस. पाणी काचेसारखं असतं. अर्थात मासाही तेवढाच सावध असतो.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं, आणि मंडळी नेमकी किती हे त्याच दिवशी कळतं. व्हॉट्सॲपवर अकरा अंगठे आलेले असतात, तिकिटाचे पैसे पाच जण पाठवतात, आणि त्यातल्या एकाच्या मेव्हण्याचं लग्न निघतं. चौघे राहिले तर वाईट वाटून घेऊ नये. दोन तंबू, एक स्टोव्ह, एक पातेलं, दोन काठ्या, हिशेब चोख बसतो. फक्त या चौघांत दोन तऱ्हा असतात. चालणाऱ्याला वरची खिंड दिसत असते, गळवाल्याला समोरचा डोह, आणि एका धोंड्यामागे दोन तास काढणं गळवाल्याला मुळीच जड जात नाही. हे भांडण सोलापुरातच मिटवून निघावं.

कुलूतल्या तीर्थन नदीच्या खोऱ्यात ते जवळजवळ आपोआप मिटतं, म्हणून पहिल्या खेपेला तेच बरं. कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून मनालीची रात्रीची बस, आणि मनालीपर्यंत झोपून न जाता औट बोगद्याच्या तोंडाशी उतरायचं. पुढे लारजी, बंजार, गुशैणी. लारजी धरणाच्या खाली बियासच्या पात्रात फोटोसाठीही उतरू नये. जून २०१४ मध्ये धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ विद्यार्थी तिथे वाहून गेले.

गुशैणीच्या आसपास पहिले दोन दिवस मत्स्य विभागाचा परवाना काढून गळ टाकायचा. पुढे ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कची हद्द लागते. तिथे वेगळी परवानगी, आणि आत गळ नाही. काठ्या खाली मुक्कामाच्या घरी ठेवायच्या आणि रोल्ला, शिल्टकडे नुसतं चालायचं. हा क्रम उलटा करू नये. सोलापूर साडेचारशे मीटरवर, गुशैणी दीड हजाराच्या आसपास, शिल्ट तीन हजारांच्या घरात. उंचीचा त्रास साधारण अडीच हजारांनंतर सुरू होतो. नदीकाठचे दोन दिवस शरीराला वर जाण्याआधीची उसंत देतात, आणि गळवालाही शांत होतो.

चढाचा अंदाज बांधायला जुना हिशेब पुरतो: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक. दहा किलोमीटर आणि हजार मीटर चढ म्हणजे पावणेचार तास. सपाट गावातल्या माणसाने, पाठीवर ओझं घेऊन, त्याची दीडपट धरावी. सरावाला सोलापुरात डोंगर नाही, जिने आहेत. चार मजली इमारत म्हणजे जेमतेम १२ मीटर, पंचवीस फेऱ्यांत ३०० मीटर होतात. पहाटे साडेपाचला, सॅकमध्ये दहा लिटर पाणी भरून चढायचं, वर टाकीत ओतायचं आणि रिकाम्या सॅकने उतरायचं. गुडघे उतारावर दुखावतात, चढावर नव्हे. शिवाय सोसायटीची कुरकुर थांबते.

आता गळ. होटगी तलावावर शिकलेला हात इथे फारसा कामाला येत नाही. तिथे साचलेलं पाणी, कणकेची गोळी, तरंगता बोया आणि वाट बघणं. ट्राउट वाहत्या पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि वाहत येणारा किडा टिपतो. म्हणून त्याच्या पाठीमागून, खालच्या अंगाने वर सरकायचं. पाण्याखालून त्याला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं, ९७ अंशांच्या कोनात मावलेलं. काठावर ताठ उभा असलेला लाल टी-शर्ट त्या खिडकीत ठळक येतो. मळकट कपडे, वाकलेली कंबर, खडकाचा आडोसा.

कृत्रिम माशी फेकायची नऊ फुटी काठी देखणी दिसते, पण नवख्याने नदीवर गेल्यावर ती शिकायला घेऊ नये. साडेसहा फुटी हलकी स्पिनिंग काठी, चार तुकड्यांत सुटी होणारी; २००० मापाचं रीळ, सहा पौंडी तंगूस, ३ ते ५ ग्रॅमच्या सहा फिरक्या. फिरकीचा तीन आकड्यांचा गळ काढून एकच आकडा लावावा आणि त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा. मग मासा सुटतो अशी तक्रार असते. तंगूस ताणलेला ठेवला तर सुटत नाही. आणि आकडा स्वतःच्या बोटात रुतला की दाबलेल्या काट्याचे उपकार कळतात.

फेक प्रवाहाच्या वरच्या बाजूला, तिरकी. फिरकी पाण्याला टेकताच हँडल फिरवायला लागायचं. क्षणभर उशीर झाला की ती दगडांत बसते. निम्म्या फिरक्या अशाच जातात, म्हणून तर सहा. ओढ प्रवाहापेक्षा किंचित जलद हवी, नाहीतर पातं फिरतच नाही. धोंड्यामागचं संथ पाणी आणि बाजूचं धावतं पाणी जिथे एकमेकांना घासतात, ती रेघ धरून ओढावी. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करावी. कोरडा तंगूस घर्षणाने तापतो आणि नेमका गाठीतच कमजोर होतो. रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तसा तंगूस सोडणारा ब्रेक, तंगुसाच्या ताकदीच्या पाव हिश्श्यावर ठेवतात. सहा पौंड म्हणजे २.७ किलो, त्याचा पाव हिस्सा सुमारे ७०० ग्रॅम. बाटलीत ७०० मिलिलिटर पाणी घालून दोऱ्याला टांगायची. ती थांबत-थांबत खाली सरकली की जमलं. आणि सोडून द्यायचा मासा ओल्या हातानेच धरावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि पुढे तिथे बुरशी धरते.

खाण्याच्या बाबतीत सोलापूर कुणाला हार जात नाही. ज्वारीची कडक भाकरी आठवडाभर सहज टिकते, आणि तिच्यासोबतची शेंगा चटणी म्हणजे कमी वजनात दांडगी ताकद: १०० ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेवर कॅलरी. माणशी दिवसाला सहाशे-साडेसहाशे ग्रॅम कोरडा शिधा पुरतो. भाकरी मात्र डब्यात उभी लावावी. सॅकच्या तळाशी आडवी टाकली तर दुसऱ्या दिवशी चुरा. अडचण शिजवण्यात येते. दर ३०० मीटरला पाण्याचा उकळबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो, तीन हजारांवर पाणी ९० अंशांनाच उकळतं, आणि तूरडाळ तासभर उकळूनही दाताखाली कचकचते. आमटीचा हट्ट सोडून मूगडाळीची खिचडी करावी: माणशी ८० ग्रॅम तांदूळ, ५० ग्रॅम डाळ, अर्धा तास भिजवलेली. गॅसचा डबा रेल्वेत नेता येत नाही, तो गुशैणीच्या वाटाड्याला आधीच सांगून ठेवावा. त्यात नुसता ब्युटेन असेल तर शून्याखाली तो वायूच होत नाही आणि पहाटेचा चहा राहतो. आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण मागावं, किंवा डबा रात्री स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घ्यावा.

सगळं सामान स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावं. माणशी बारा-तेरा किलोच्या वर जाऊ नये. इथे चादरीचा प्रश्न निघतो. सोलापुरी चादरीशिवाय घराबाहेर न झोपणारा एक जण प्रत्येक टोळीत असतो. पण सूत पाणी पितं आणि सोडत नाही. भिजलेली चादर दुप्पट जड होते आणि वर थंडीत दोन दिवस वाळत नाही. टर्किश टॉवेलचंही तेच. गावाची ओळख असलेल्या दोन्ही वस्तू रेल्वेपुरत्या घ्याव्यात आणि गुशैणीत मुक्कामाच्या घरी ठेवाव्यात, म्हणजे गळ टाकायला जाताना चादर तिथे आणि वर चढताना चादर-काठ्या दोन्ही तिथे.

राहिला फेकीचा सराव. गच्चीवर दहा मीटरवर बादली ठेवायची, तंगुसाला आकड्याऐवजी पाच ग्रॅमचं शिसं बांधायचं आणि मनगटाच्या झटक्याने, खांदा न हलवता, फेकायचं. दहातली सहा शिसी बादलीत पडायला लागली की तयारी झाली. बादली रिकामीच हवी. तळावर आपटलेलं शिसं अंधारातही ऐकू येतं, आणि उन्हाळ्यात भरलेली बादली असल्या कामाला काढली तर बेत घरातूनच रद्द होतो.