तफ्तमधले लग्न

यझद, इराण, रात्री उशिरा.

आज तफ्तला एका झरतुष्ट्री, म्हणजे पारशांच्याच धर्माच्या, घरी लग्नाला जाऊन आलो. यझदच्या नैर्ऋत्येला, शीरकूह पर्वताच्या पायथ्याशी असलेले हे गाव डाळिंबांसाठी ओळखले जाते. लग्न गावातल्या जुन्या घरातच लावायचे, असा वराच्या आजीचा हट्ट होता, आणि त्या घराचे ‘पेस्कम’, म्हणजे चौकाकडे उघडणारी ओसरी, पाहिल्यावर तो मला पटला. धार्मिक विधींसाठी राखलेले मोठे पेस्कम आजही तितक्याच काटेकोरपणे स्वच्छ ठेवले जाते. दारातच यजमानीणबाईंनी तळहातावर गुलाबपाणी शिंपडले, आरसा समोर धरला, आणि त्यात स्वतःचा चेहरा पाहूनच प्रत्येक पाहुणा आत गेला.

इथल्या लग्नविधीला ‘गवाहगिरी’ म्हणतात आणि साक्षीदार हाच त्याचा कणा आहे. परंपरेने किमान सात साक्षीदार लागतात. पूर्वी हे साक्षीदार कंदील घेऊन वधूच्या घरी जात आणि तुझ्या वतीने बोलणारा वकील कोण, असे तिला विचारत. भोवतालच्या बायका थट्टामस्करी करून तिला लगेच उत्तर देऊ देत नसत, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर ती वडिलांचे किंवा भावाचे नाव घेई. आज वधू वराशेजारी बसली होती आणि मोबेदांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, विचारताच तिने स्वतःच ठणठणीत आवाजात होकार दिला. तरीही दोन म्हाताऱ्या बायकांनी मध्येच काहीतरी बोलून तिला अडवण्याचा प्रयत्न केलाच, आणि सगळे हसले. ही थट्टा ‘दरी’ नावाच्या बोलीत झाल्यामुळे मला कळली नाही. नाव अफगाणिस्तानातल्या दरीचेच असले, तरी यझद आणि केरमानच्या झरतुष्ट्र्यांची ही घरगुती भाषा अगदी वेगळी आहे आणि तेहरानच्या फारसी बोलणाऱ्यालाही ती सहसा कळत नाही.

सगळ्यांत जास्त वेळ माझी नजर खिळली ती हिरव्या रुमालावर. वराच्या मागे एक जवळचा आप्त उभा होता आणि त्याने हातात हिरवा रुमाल धरला होता. त्यात अंडे, डाळिंब, कात्री, सुईदोरा, साखरेची नुक्ल ही मिठाई आणि आवीशन ही वाळवलेली सुगंधी वनस्पती होती. प्रत्येक वस्तूचा अर्थ सांगायला तिथे चार जण पुढे सरसावले आणि चौघांचे अर्थ वेगळे निघाले. अंडे संततीसाठी, एवढ्यावर मात्र एकमत होते. विधी आटोपल्यावर ते अंडे घराच्या छपरावरून पलीकडे भिरकावले गेले, तेव्हा पोरांनी जो गलका केला तो मोबेदांच्या मंत्रांपेक्षाही मोठा होता. समोरच्या सोफऱ्यावर, म्हणजे अंथरलेल्या वस्त्रावर, आरसा, दिवा, अवेस्ता हा धर्मग्रंथ, सरूच्या (सायप्रसच्या) हिरव्या डहाळ्या आणि सुक्या मेव्याचा ‘लोर्क’ मांडला होता. मोबेदांनी अवेस्तातील प्रार्थना म्हटल्या आणि मग फारसीतून संसाराचा उपदेश केला. उपदेश लांबला, हे म्हणायला हरकत नसावी.

पुण्याच्या कॅम्पमध्ये मी पारशी लग्ने पाहिली आहेत. तिथे वधूवरांच्या मध्ये आपल्या अंतरपाटासारखा पडदा धरतात आणि आशीर्वादात संस्कृत वचनेही येतात. इथे यांपैकी काहीच नाही. वधूने पांढरी साडी नेसायची हे ऐकून वराच्या आजीने नापसंतीने मान हलवली, कारण तिच्या लेखी लग्नाचा रंग हिरवाच. आजच्या वधूने आधुनिक पांढरा झगा घातला होता, पण खांद्यावर हिरवी शाल होतीच. आजीचा स्वतःचा जुना पोशाखही पाहायला मिळाला: रंगीत कापडाच्या अरुंद पट्ट्या जोडून शिवलेली सलवार, आणि तिच्यावर मासे, मोर, सूर्य यांचे बारीक भरतकाम. झरतुष्ट्र्यांना सबंध कापड घेऊ देत नसत, म्हणून तुकडे जोडण्याची ही कला आली, असे घरातल्यांनी सांगितले. ते खरे असो वा नसो, बंधने मात्र खरी होती: पुरुषांनी रंगीत कपडे घालायचे नाहीत, शहरात जनावरावर बसायचे नाही, आणि वर जिझिया भरायचा. तो 1882 मध्ये रद्द झाला, तो मुंबईच्या पारशांनी 1854 मध्ये इराणला पाठवलेल्या माणेकजी लिमजी हातरिया यांच्या दीर्घ खटपटीमुळे.

म्हणूनच संध्याकाळी ‘अरबूने’ डफ वाजू लागला आणि एकाने ‘हाबीरू, हाबीरू’ अशी आरोळी दिल्यावर सगळ्या अंगणाने ‘शाबाश’ म्हणून साथ दिली, तेव्हा मला त्या आवाजाचे विशेष वाटले. ज्यांच्या पणजोबांना गल्लीतून मान खाली घालून जावे लागे, त्यांची ही वरात होती.

जेवताना वधूच्या मामांशी बोलणे झाले आणि साक्षीदारांचे महत्त्व मला खऱ्या अर्थाने कळले. 1933 च्या कायद्याने इराणमधल्या मान्यताप्राप्त अल्पसंख्याकांना विवाह, घटस्फोट, वारसा यांत स्वतःचे नियम पाळता येतात, त्यामुळे या गवाहगिरीला सरकारदरबारी मान आहे. पण नागरी संहितेच्या 881 (पुनरुक्त) कलमानुसार मुस्लिमेतर मृताचा एकही वारस मुसलमान असेल, तर बाकीच्या मुस्लिमेतर वारसांना काही मिळत नाही. मुस्लिम मुलीशी लग्न करायचे तर मुलाला धर्म बदलावाच लागतो, आणि एकदा गेलेल्याला परत येण्याची वाट कायदा ठेवत नाही. 2011 च्या जनगणनेत देशभरात झरतुष्ट्री 25,271 होते. एवढ्याशा समाजात मुलाने कोणाशी लग्न केले यावर भावंडांची घरे आणि डाळिंबाच्या बागा अवलंबून असतात, त्यामुळे स्थळ पाहताना आईवडील जी घालमेल करतात ती निव्वळ कर्मठपणा म्हणून मला हिणवता येत नाही. मामांची स्वतःची मुलगी कॅलिफोर्नियात आहे आणि तिच्यासाठी ते तिथल्याच मंडळींत चौकशी करत आहेत. पुण्यात कोणी चांगला इराणी मुलगा असेल तर कळवा, असे निघताना त्यांनी मला दोनदा बजावले.