आमची वाटचाल : दोनशे पट्ट्या आणि एक कारखाना

जुन्या कॉम्प्युटर पार्ट्सच्या धंद्यात आम्ही बुडता बुडता वाचलो. आमच्याच लायनीतल्या एकाने ऑफिसचा माल म्हणून डीडीआर३ रॅमच्या ८ जीबीच्या २०० पट्ट्या गळ्यात मारल्या. २४० पिना, खाच जागेवर, स्लॉटात टक्क बसतात. पण साध्या मदरबोर्डावर डिस्प्लेच नाही. सर्व्हरच्या रजिस्टर्ड पट्ट्या! स्टिकर आधीच सोललेले. ते असते तर ‘पीसी३-१०६००आर’मधला शेवटचा ‘आर’ दिसला असता; साध्या पट्टीवर तिथे ‘यू’ असतो. स्टिकर नसला तर चिपा मोजाव्यात. ८ किंवा १६ असल्या तर साधी, ९च्या पटीत असल्या तर ईसीसी म्हणजे चुका पकडून सुधारणारी, आणि मधोमध एक वेगळीच चिप असली तर रजिस्टर्ड. आम्ही मोजल्या नाहीत. पैसे परत मिळाले नाहीत. तो गृहस्थ आजही ‘टेस्टेड माल’ची पाटी लावून बसलाय, डिस्प्ले आला की झालं टेस्टिंग!

त्या दिवसांत दुकान तगलं एका कारखान्यावर. त्यांच्या मशीनच्या कंट्रोल कार्डाला जुना पीसीआय स्लॉट (कार्ड बसवायची जुनी खाच) लागायचा. असे बोर्ड कारखान्यांच्या भागातल्या भंगारातच मिळतात, बहुतेक फुगलेल्या कॅपॅसिटरसह. बदलताना मायक्रोफॅराड तेवढेच ठेवा, ६.३ व्होल्टच्या जागी १० चालतो, पण लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) आणि १०५ अंशांचाच घ्या. ग्राउंडची पिन २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नला दाद देत नाही. ६० वॉटचं आणायला आमच्या तेव्हाच्या भागीदाराने भाग पाडलं, तेच अजून चालू आहे. बायोसचा (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) सेल काढण्याआधी सेटिंगचे फोटो काढायचे, हेही त्याचंच.

ऑफिसांच्या भागात वॉरंटी संपलेली एकाच बनावटीची मशीन थप्पीने निघतात. तिथे नुसता बोर्ड उचलू नका. ब्रँडेड मशीनच्या बोर्डांना बऱ्याचदा पॉवरचा २४ पिनांचा साधा कनेक्टर नसतो, त्यामुळे एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लायही सोबतच घ्यावा. कॉलेजांच्या भागात ग्राफिक्स कार्डं मिळतात आणि बनावटही तिथेच खपतात. खऱ्या जीटीएक्स १०५० टीआय कार्डावर व्हीजीए पोर्ट नसतो; तो दिसला की आधी जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवा; जुन्या चिपवर नवा बायोस चढवलेला असतो. हार्ड डिस्कच्या स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीत) ०५ किंवा सी५चा, म्हणजे खराब सेक्टरांचा, रॉ आकडा शून्याच्या वर असेल तर ती फुकटातही नको.

त्या पट्ट्यांपैकी ३१ अजून डब्यात आहेत. रजिस्टर्ड रॅम घेणारा वर्कस्टेशन बोर्ड असेल तर घेऊन या, रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून देऊ.