सुवामधे जन्मलेला लाइनबॅकर

फिजी म्हणलं की डोळ्यासमोर रग्बीच येतं आणि ते बरोबरच आहे, २०१६ ला रिओत सेव्हन्सच्या फायनलमधे त्यांनी ब्रिटनला ४३-७ असं धुतलं आणि देशाचं पहिलंवहिलं ऑलिंपिक मेडल आलं ते थेट गोल्डच. पण आज मला लिहायचंय अमेरिकन फुटबॉल खेळलेल्या फ्रेडी केआहोबद्दल. जन्म फिजीच्या राजधानीत, सुवाला, शाळा कॅलिफोर्नियात, कॉलेज सॅन डिएगो स्टेट, आणि मग २००६ च्या एनएफएल ड्राफ्टमधे, म्हणजे या लीगच्या टीम्स कॉलेजचे खेळाडू निवडतात तिथे, तिसऱ्या राउंडला ९४ वा नंबर, इंडियानापोलिस कोल्ट्स.

आता लाइनबॅकर, म्हणजे डिफेन्सच्या पहिल्या फळीमागे उभा राहणारा, धिप्पाड माणूस असंच आपण धरून चालतो, आणि हा तर सहा फुटाच्या आतला. दुसऱ्या एखाद्या टीमने कदाचित नावावर काटच मारली असती. पण कोल्ट्सचे कोच होते टोनी डंजी, आणि त्यांची टॅम्पा टू सिस्टीम अशी की पुढच्या चौघांनी क्वार्टरबॅकच्या, म्हणजे बॉल फेकणाऱ्याच्या, अंगावर जायचं, दोन सेफ्टी (शेवटचे राखणदार) एकदम मागे, आणि मधली सगळी मोकळी जागा लाइनबॅकरनी पळून भरायची. तिथे वजनाला विचारतो कोण, पहिल्या पावलाला बॉल कुठे चाललाय ते कळलं पाहिजे आणि तिथे सगळ्यात आधी पोचता आलं पाहिजे!

याचा तोटाही होता. २००६ ला रन डिफेन्समधे, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्यांना अडवण्यात, कोल्ट्स लीगमधे शेवटचे, मॅचमागे सरासरी १७३ यार्ड दिले, एकट्या जॅक्सनव्हिलने एका दुपारी ३७५ काढले. सगळे म्हणायला लागले की ही पोरं लहान आहेत, चिरडली जाणार. आणि प्लेऑफला त्याच टीमने कॅन्सस सिटीच्या लॅरी जॉन्सन या रनिंग बॅकला (बॉल घेऊन पळणाऱ्याला) ३२ यार्डांवर रोखलं, मग फेब्रुवारी २००७ मधे मायामीच्या धो धो पावसात शिकागोला २९-१७ हरवून सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकला. पहिल्याच वर्षी चॅम्पियनची रिंग!

पण मला स्वतःला त्याचं दुसरं वर्ष जास्त आवडतं. केटो जून हा लाइनबॅकर टॅम्पाला निघून गेला आणि वीक साइडची जागा केआहोला मिळाली. ही जागा म्हणजे समोरच्या फळीच्या कमी माणसांच्या बाजूची, अंगावर ब्लॉकर कमी येतात, त्यामुळे बॉलवाल्याचा पाठलाग करून आडवं पाडणं हे मोठं काम, आणि पासच्या वेळी मोकळी जागा राखणंही. आणि त्या २००७ च्या सीझनला पूर्ण लीगमधे सगळ्यात कमी पॉइंट्स दिले ते याच डिफेन्सने. लीगमधल्या सर्वोत्तम डिफेन्स खेळाडूचं अवॉर्ड कोल्ट्सच्याच बॉब सँडर्स या सेफ्टीला मिळालं, मिळायलाच पाहिजे होतं, पण त्याच्या पुढ्यात पळणाऱ्यांची नावं कोणी घेत नाही म्हणून मी घेतोय.

कोल्ट्सकडे तो चार सीझन होता. त्यातली एक रात्र अजून सलते, जानेवारी २००९, प्लेऑफ, सॅन डिएगो, आणि स्टेडियम तेच जिथे केआहो कॉलेजच्या मॅचेस खेळायचा. मॅच ओव्हरटाइममधे गेली आणि बॉल चार्जर्सच्या डॅरेन स्प्रोल्सकडे, जेमतेम साडेपाच फुटाचा रनिंग बॅक, तो २२ यार्ड पळत गेला तो थेट एंड झोनमधेच, म्हणजे मैदानाच्या टोकाला जिथे पॉइंट्स मिळतात तिथे. २३-१७, कोल्ट्स हरले.